पंख मोजले तेव्हा कळलं

गेली बारा वर्षं मी प्लास्टिकची विमानं जोडतोय. मला या बाबतीत कुणी गंडवेल असं वाटत नव्हतं. कपाटात न उघडलेली किटं कितीही असोत, नवं दिसलं की हात शिवशिवतात, तेवढाच काय तो दोष. नेमका त्यावरच गळ टाकला गेला.

मला हवं होतं अकुतानचं झीरो, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं एक जपानी लढाऊ विमान. ४ जून १९४२ ला जपानी विमानवाहू नौका र्‍यूजोवरून निघालेली विमानं अलास्कातल्या डच हार्बरवर तुटून पडली. त्यातल्या तादायोशी कोगाच्या झीरोची तेलाची नळी गोळी लागून फुटली. अकुतान बेटावरची हिरवी सपाटी बघून तो चाकं खाली सोडून उतरला, पण गवताखाली दलदल होती. चाकं रुतली, विमान पाठीवर पडलं आणि कोगा जागीच गेला. महिनाभरानं एका अमेरिकन गस्ती विमानाच्या नजरेला ते पडलं. मग ते सॅन डिएगोला नेलं, दुरुस्त केलं आणि सप्टेंबरात एडी सँडर्स यांनी उडवलं. वेग वाढला की हे विमान कूस बदलायला जड जातं, नाक झटक्यानं खाली दाबलं की इंजिन अडखळतं, ही गुपितं तिथे हाती लागली. जपानी लढाऊ विमान आणि त्यावर अमेरिकी तारा! हे मॉडेल आपल्याकडे असावं असं कुणाला वाटणार नाही?

जाहिरातीत लिहिलं होतं, ‘पकडलेलं झीरो, सॅन डिएगो, सप्टेंबर १९४२, १/४८, मर्यादित आवृत्ती, खास डेकलसह’. १/४८ म्हणजे खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याएवढं. फोटो दोनच, एक सीलबंद खोक्याचा आणि एक डेकलशीटचा, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायच्या खुणांच्या कागदाचा. किंमत साध्या झीरोच्या किटच्या तिप्पट. मी स्प्रूचे, म्हणजे किटचे सुटे भाग ज्यांना जोडून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटींचे फोटो मागितले. उत्तर आलं, “सर, सील तोडलं तर कलेक्टरसाठी किंमत राहत नाही. शेवटचा पीस आहे, अजून दोघं विचारतायत.” ते दोघं मला डोळ्यांसमोर दिसायला लागले आणि मी पैसे भरून मोकळा झालो.

खोका आला. पाठोपाठ मेसेज, “सर, तेवढं ‘मिळालं’ करून टाका ना, माझे पैसे अडकलेत.” मी ते बटण दाबलं. खोका कपाटात गेला, कारण टेबलावर आधीचं विमान अर्धवट पडलं होतं. इथे जरा थांबतो, कारण खरी गोम इथे आहे. किट आणायचं आणि महिनोन्‌महिने उघडायचं नाही, ही आपल्या जमातीची खोड विक्रेत्यांना पुरती ठाऊक असते. वॉशिंग मशीन घेणारा त्याच दिवशी खटका दाबून बघतो. आपण खोक्यावरचं चित्र बघून खूश होतो.

दीड महिन्यानं सील फोडलं. पंखांचे भाग हातात घेतले आणि काहीतरी खटकलं. टोकं चौकोनी होती. अकुतानचं झीरो ‘मॉडेल २१’ या प्रकारचं. त्याच्या पंखांची टोकं गोलसर, आणि नौकेच्या लिफ्टमध्ये मावावं म्हणून दोन्हीकडचा पन्नास-पन्नास सेंटिमीटरचा तुकडा वर दुमडायचा. पुढच्या मॉडेल ३२ मध्ये तो दुमडणारा तुकडाच काढून टाकला आणि टोकं चौकोनी केली. तरी म्हटलं, आपलीच नजर चुकत असेल. टेपनं पंख तात्पुरते जोडले आणि पट्टी लावली. मॉडेल २१ चा पंखविस्तार १२ मीटर, म्हणजे १/४८ मध्ये २५ सेंटिमीटर भरायला हवा. पट्टी तेविसाला टेकायच्या आत पंख संपला. ११ मीटरचं गणित केलं तर २२.९ येतं. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण पाहिलं तर हवा घेण्याचं तोंड वरच्या ओठात. मॉडेल २१ ला ते खाली असतं. आता शंकेला जागाच उरली नाही. सहज कुठेही मिळणारं मॉडेल ३२ चं किट दुसऱ्या झाकणाच्या खोक्यात घालून, वरून प्लास्टिक गुंडाळून मला दिलं होतं. युद्धात दोस्त राष्ट्रांना हे चौकोनी टोकाचं झीरो पहिल्यांदा दिसलं तेव्हा त्यांना ते वेगळंच विमान वाटलं आणि त्यांनी त्याला वेगळं सांकेतिक नावही दिलं. त्यांना आकाशात जो फरक दिसला तो मला जाहिरातीत कसा दिसणार? फोटोत पंखच नव्हते.

मग डेकलशीट काढली. त्यातल्या ताऱ्यांना दोन्ही बाजूंनी पट्ट्या होत्या. या पट्ट्या अमेरिकी चिन्हात आल्या जून १९४३ ला. सप्टेंबर १९४२ च्या विमानावर निळ्या गोलात नुसता पांढरा तारा हवा. तरी एक तारा कापून कोमट पाण्यात सोडला. अर्ध्या मिनिटात बशीतलं पाणी निळसर झालं. चिमट्यानं उचलून निळ्या-राखाडी रंगवलेल्या जुन्या पंखावर सरकवला, तर तारा गायब! पंखाचाच रंग ताऱ्यातून दिसत होता. घरगुती इंकजेट प्रिंटरला पांढरी शाई नसते. तो पांढरा भाग कोरा सोडतो, आणि फोटोत मागच्या कागदाचा पांढरेपणा ताऱ्याचा म्हणून खपून जातो. शाईवर साधा वार्निशचा हातसुद्धा मारला नव्हता.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, “सर, जाहिरातीत मॉडेल २१ असं कुठे लिहिलंय?” खरंच लिहिलं नव्हतं. मग म्हणाला, “तुम्ही सील तोडलंय, आत काय बदललं ते मला काय माहीत?” चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. तक्रारीची मुदत माझ्या ‘मिळालं’पासून मोजतात आणि ती केव्हाच उलटली होती. ते बटण मी स्वतःच्या बोटानं दाबलं होतं, त्यामुळे कुणाच्या नावानं शंख करणार?

पकडलेल्या विमानांच्या किटांत हा धंदा फार सोपा आहे. शत्रूचं विमान मिळालं की त्याच्या किटचं प्लास्टिक बदलत नाही, रंग आणि खुणा बदलतात. चार चिन्हांचा कागद टाकला की साधं किट ‘दुर्मिळ’ होतं. त्यामुळे विक्रेत्याशी इतिहासाच्या गप्पा मारत बसू नका. पंखाच्या स्प्रूशेजारी पट्टी ठेवून फोटो मागा. डेकलशीट गडद कापडावर ठेवून, उजेडाकडे जरा तिरकी धरून काढलेला फोटो मागा. खरी पांढरी छपाई तिरक्या उजेडात कागदाहून वेगळी दिसते, कोरी जागा कोरीच दिसते. ‘सील तुटेल’ असं उत्तर आलं तर किट दुसऱ्याला लखलाभ होऊ द्या. आणि खोका उघडतानाचा व्हिडिओ करा, मग भले किट वर्षभर कपाटात पडू दे.

माझं मॉडेल ३२ मी शेवटी जपानी खुणांतच रंगवलं, बरं झालंय. जाहिरात मात्र अजून फिरतेय, आता वेगळ्या नावानं. डेकलशीटचा फोटो तोच आहे, डाव्या खालच्या कोपऱ्यात अंगठ्याचं नख दिसतं आणि नखाच्या कडेला निळी शाई लागलीय.