उरुळी कांचनच्या नर्सरीतले गुलाब: कलमं भक्कम, पाटीवर मात्र विसंबू नका

सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनकडे निघालं की दोन्ही अंगांना नर्सऱ्याच नर्सऱ्या. त्यातल्या एकीतून दोन वर्षांपूर्वी, ऐन ऑगस्टात, मी गुलाबाची सात कलमं आणली. नर्सरीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारही सांगायची आहे.

कलमं फार चांगली होती. डोळा भरलेली जागा, म्हणजे जंगली गुलाबाच्या खुंटावर चांगल्या जातीचा डोळा (कोंब फुटतो ती जागा) बसवलेला सांधा, मी नेहमी बोटाने चाचपून बघते. इथे सांधा पूर्ण भरलेला होता, खुंट करंगळीएवढा जाड. हडपसरपर्यंत डिकीतून आणताना मुळांभोवतीच्या मातीची एकही हुंडी (गोळा) फुटली नाही, आणि सातही झाडं जगली. १२० रुपयांना एक, हा भाव मला रास्त वाटला.

तक्रार झाडाला लावलेल्या नावाच्या पाटीची. मला हवा होता पापा मिलांड. माझ्या आईकडे तो होता. कळी जवळजवळ काळी, उमलला की मखमली गडद लाल, आणि वास असा की एक फूल पेल्यात ठेवलं तरी खोली भरून जायची. पाटीवर नाव तेच होतं. ऑक्टोबरात छाटणी केली, दीड महिना वाट पाहिली, आणि उमललं ते मोठं, लांब दांड्याचं, गुलाबीकडे झुकणारं लाल फूल. म्हणजे ग्लॅडिएटर, फुलबाजारात गड्डीने मिळतो तो. झाड जोमदार आहे, फुलं भरपूर देतं, पण आईचा गुलाब नाही. परत गेले तर काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, "फूल बघून न्यायचं ना, मॅडम." ऑगस्टात झाडावर फूलच नव्हतं, मग पाटीशिवाय गिऱ्हाईकाने बघायचं काय? झाड बदलून मिळालं नाही. मला त्याचं खरंच वाईट वाटलं.

तरीही मी तिथे पुन्हा गेले, ते तिथल्या माळीमामांमुळे. सातातला एक क्लाइंबिंग आइसबर्ग होता. पांढरा, काटे अगदी कमी, १९५८ सालच्या जर्मन आइसबर्गचा वेलासारखा चढणारा प्रकार. खिडकीच्या ग्रिलवर तो आठ फूट सरळ वर गेला आणि फुलं फक्त शेंड्याला. मी फोटो दाखवला. मामा म्हणाले, "ताई, काठी, म्हणजे ही लांब फांदी, उभी ठेवली की सगळा जोर शेंड्याला जातो. आडवी करा, मग डोळा न् डोळा फुटेल." एकदम वाकवू नका, पाणी दिल्यावर दोनतीन दिवस थोडीथोडी करत न्या, हेही त्यांनीच बजावलं. जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांनी मी दोन लांब काठ्या ग्रिलला आडव्या बांधल्या. सुतळी नको, ती सालीत रुतते. महिन्याभरात एका काठीवर मी अकरा नवे फुटवे मोजले आणि प्रत्येकाच्या टोकाला कळ्यांचा झुपका. त्या सकाळी मी चहा घेऊन खिडकीशीच बसून राहिले.

दुसरी गोष्टही त्यांचीच. एका कलमाला बुडातून लांबसडक, फिकट फुटवा आला होता आणि मी कौतुकाने तो वाढवत होते. एका देठावर सात पानं, म्हणून तो जंगली, असं सगळे सांगतात. पण चांगल्या जातीच्या पानातही कधी सात येतात. मामांनी बुडाची माती बाजूला करायला सांगितली. फुटवा डोळ्याच्या खालून, खुंटातून आला असेल तर जंगली. तो कात्रीने कापायचा नाही, मुळाशी धरून ओरबाडून काढायचा; कापला की तिथूनच चार येतात.

पाणी किती, शेणखत कधी, भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) पडली तर काय, यातलं काहीही मामा घाई न करता सांगतात. रविवारी मात्र गर्दीत ते सापडत नाहीत. आठवड्यातल्या दिवशी सकाळी जा.

आमच्याकडच्या छाटणीनंतरचा पहिला बहर नोव्हेंबरअखेर येतो. या वेळी मी तेव्हाच जाणार आहे. पापा मिलांड झाडावर उमललेला दिसला, वास घेऊन खात्री पटली, तर तेच झाड, त्याच कुंडीसकट उचलून आणीन.