समोर एक मोठा पडदा की प्रत्येकाच्या हाती टॅब?

वर्गासाठी एकदाच खर्च करायचा असेल, तर निर्णय हमखास इथे अडतो. विक्रेते दोन्ही गोष्टी 'नव्या' म्हणून विकतात, पण दोन्हींची घराणी जुनी आहेत आणि खोडीही जुन्याच.

पडदा फळ्याच्या घराण्यातला. मुलाच्या मांडीवरच्या पाटीवर काय लिहिलंय ते फक्त त्यालाच दिसायचं. फळा आला आणि एक आकृती अख्ख्या वर्गाची झाली. १८०१च्या सुमारास जॉर्ज बॅरन अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत मोठ्या फळ्यावर गणित शिकवत होते. फळ्याची खरी ताकद त्याच्या संथपणात आहे. शिक्षक त्रिकोण काढतात, चुकतात, तळहाताने पुसतात, पुन्हा काढतात, आणि विचार कसा पुढे सरकतो ते मुलांना दिसतं. १९९०च्या दशकात आलेल्या इंटरॅक्टिव्ह बोर्डावर, म्हणजे हाताने लिहिता येणाऱ्या पडद्यावरही हे जमतं, पण आयत्या स्लाइड्स सरकवायची सवय लागली की बोर्डाचा सिनेमा होतो. (सिनेमा पुस्तकांची जागा घेईल, असं एडिसन १९१३मध्येच सांगून बसले होते.)

टॅब दिसतो पाटीसारखा, पण त्याचं घराणं शिकवणाऱ्या यंत्रांचं. १९२०च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी चार कळांचं यंत्र केलं. बरोबर कळ दाबेपर्यंत पुढचा प्रश्न यायचाच नाही. १९५३मध्ये मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले. काही मुलं गणितं संपवून रिकामी, काही अडलेली, आणि आपलं बरोबर की चूक हे कुणालाच लगेच कळत नव्हतं. ही अडचण फळा सोडवू शकत नाही, टॅब सोडवतो. १९६०मध्ये इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेली प्लेटो ही संगणक प्रणालीही याच वाटेवरची.

पण प्रेसींच्या यंत्रातली पळवाट अजून बुजलेली नाही. चार पर्याय असले की काहीच न कळता चौथ्या दाबाला तरी पुढे जाता येतं. मुलाने ४०३ − १७८ = ३७५ लिहिलं, तर बरेच अ‍ॅप फक्त लाल फुली दाखवतात. हा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय, हातचा घेतच नाही, हे वही पाहणाऱ्या शिक्षकाच्या चटकन लक्षात येतं.

माझा कौल असा: नवी संकल्पना शिकवायची असेल आणि शिक्षक बोर्डावर हाताने लिहिणारे असतील, तर पडदा. तोही नसला तरी साधा फळा बराच पल्ला गाठून देतो. मुलांच्या पातळीत खूप फरक असेल आणि सराव कमी पडत असेल, तर टॅब. सगळ्यांना एकेक हवाच असं नाही, पाळीपाळीने वापरले तरी चालतं. उलट चार्जिंगचा व्याप कमी होतो. मात्र टॅब घेण्याआधी विक्रेत्यासमोर मुद्दाम ३७५ हे उत्तर भरा आणि शिक्षकाच्या स्क्रीनवर काय दिसतं ते बघा. नुसते गुण दिसले, तर पैसे परत खिशात घाला.