‘मिनरल ऑइल फ्री’ बेबी लोशन: पावसाळ्यापासून वापरल्यानंतर

लेकीसाठी हे लोशन घेतलं ते बाटलीवरच्या ‘मिनरल ऑइल फ्री’ या ठळक अक्षरांमुळे. चिकचिक नाही, दुपटी तेलकट होत नाहीत. दिवाळीपर्यंत मी ओळखीच्या सगळ्यांना हेच सुचवत होते.

थंडीत मात्र तिच्या गालांवर आणि कोपराच्या घडीत लाल, खरखरीत चट्टे उठले. डॉक्टरांनी बाटलीची मागची बाजू वाचली. यादीत वरच ऑलिव्ह ऑइल, शेवटाकडे ‘परफ्यूम’. लोशनमुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही म्हणाले, पण ते बंद करून मेडिकलमधलं बिनवासाचं पॅराफिनचं क्रीम दिलं. निम्म्याहून कमी किमतीत! काही दिवसांत चट्टे ओसरले.

द्रवरूप पॅराफिन म्हणजे तेच ‘मिनरल ऑइल’, खनिज तेल; त्याबद्दलचं माझं मत तिथे बदललं. औषधी दर्जाचं, ‘आयपी’ (म्हणजे भारतीय औषधकोशाच्या मानकानुसार) छापलेलं पॅराफिन चांगलं शुद्ध केलेलं असतं. ते त्वचेवरच राहून ओलावा अडवतं. कर्करोगाची भीती आहे ती नीट शुद्ध न केलेल्या खनिज तेलांची. उलट ऑलिव्ह तेलात ओलिक आम्ल भरपूर, आणि ते त्वचेचा संरक्षक थर कमकुवत करतं. सूर्यफुलाच्या तेलात लिनोलिक आम्ल जास्त, म्हणून ते बरं. ढाक्याच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ते चोळल्यावर तिथे होणारे संसर्ग कमी झाल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं होतं.

पण माझा खरा राग त्या परफ्यूमवर आहे. तान्ह्या बाळाच्या टाळूला स्वतःचा इतका गोड वास असतो, त्यावर आणखी कशाला हवा? युरोपात २००५ पासून २६ सुगंधी अ‍ॅलर्जनची (अ‍ॅलर्जी आणू शकणाऱ्या घटकांची) नावं ठरावीक प्रमाणापुढे वेगळी छापावी लागतात. अंगावर राहणाऱ्या क्रीमसाठी ही मर्यादा ०.००१ टक्का आहे. २०२३ मध्ये ती यादी ऐंशीच्या पुढे गेली. मी कस्टमर केअरला एवढंच विचारलं, यात त्या यादीतलं लिनालूल किंवा लिमोनिन आहे का? दरवेळी तेच उत्तर, ‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेलं आहे’, आणि सोबत पुढच्या खरेदीवर सूट. मला सूट नको होती, यादी हवी होती.

सोबतच्या पत्रकात ‘रोज लावा, एक्झिमा टाळा’ (एक्झिमा म्हणजे इसब) असंही आहे. ब्रिटनमध्ये १,३९४ बाळांवर हेच तपासलं गेलं, निष्कर्ष २०२० मध्ये आले. पहिलं वर्षभर रोज क्रीम लावलेल्यांत दोन वर्षांच्या वयाला २३ टक्के मुलांना एक्झिमा, बाकीच्यांत २५. धरण्यासारखा फरक नाही, वर त्वचेचे संसर्ग थोडे जास्तच. म्हणून मी आता त्वचा कोरडी दिसली तरच लावते.

नव्या क्रीमबाबत एक खबरदारी घेतेच. क्रीम मुरलेलं कापड भराभर पेटतं, पॅराफिन असो वा नसो. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये तसा इशारा दिला होता. आमच्याकडे आंघोळीनंतर ओवा-वेखंडाची धुरी असते. मालिशवाल्या मावशींना सांगून शेगडी पूर्ण बंद केली आहे, आणि क्रीम लागलेली दुपटी देवघरातल्या समईजवळही वाळत घालत नाही.