यॉर्कशायरच्या खाणीतला ट्रायल्स बाईकचा क्लास: उभ्या भिंतीवर गाडी चढवायला शिकायचं असेल तर वाचा

आधी रेटिंग सांगून टाकतो, पाचपैकी चार. कापलेला एक स्टार कशाचा ते खाली येईलच, आणि त्या तक्रारीमुळेच क्लासचं नाव देत नाहीये. बुलेट नाहीतर एक्सपल्स घरी ठेवून इकडे लीड्स-ब्रॅडफर्ड साईडला आलेले आणि आता हात शिवशिवतायत असे आपले बरेच लोक आहेत, त्यांच्यासाठी लिहितोय.

ज्यांनी ट्रायल्सची बाईक पाहिलीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रायल्स म्हणजे पाय न टेकता दगड-ओंडक्यांवरून गाडी न्यायचा खेळ. सीट नाही, म्हणजे बसायची सोयच नाही, दिवसभर फूटपेगवर उभं. वजन सत्तर किलोच्या आसपास (रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 चं 195 आहे, लक्षात घ्या), टाकी जेमतेम दोन-तीन लिटरची, क्लच एका बोटाने दाबायचा, आणि मागच्या टायरात हवा 4 ते 5 पीएसआय फक्त. गावाकडच्या पंक्चरवाल्याला हा आकडा सांगितलात तर तो तुम्हाला हवा भरल्याशिवाय हलू देणार नाही. पण भिंतीवर पकड मिळते ती त्या मऊ टायरामुळेच, दगडावर तो चपटा होऊन बसतो. मनगटाला एक दोरी बांधतात, तिचं दुसरं टोक गाडीच्या किल स्विचला, तुम्ही पडलात की इंजिन बंद. ही दोरी बांधायचा कंटाळा करणाऱ्याला तिथले शिकवणारे काका सरळ घरी पाठवतात आणि मला ते पटतं.

जागा म्हणजे दगडाची जुनी बंद पडलेली खाण. नैसर्गिक पायऱ्या आहेत, ओंडके, मोठे टायर, आणि एका बाजूला रेल्वेच्या स्लीपरची बनवलेली भिंत, तिच्यावरचे स्लीपर काढून-घालून उंची कमी-जास्त करता येते. ही भिंत म्हणजे या क्लासचं खरं भांडवल, कारण गुडघ्याएवढ्या उंचीवर जे शिकलात तेच एकेक स्लीपर वाढवत छातीपर्यंत नेता येतं, दरवेळी नवीन दगड शोधत फिरायला नको.

सकाळचे तीन तास मात्र भिंतीच्या जवळ पण जाऊ देत नाहीत. जागच्या जागी पाय न टेकता उभं राहणं, हँडल पूर्ण वळवून गोल फिरणं, क्लचवर गाडी मुंगीच्या चालीने सरकवणं. आमच्या बॅचमधला एकजण वैतागून म्हणाला की मी दहा वर्षं बाईक चालवतोय हे कशाला, आणि दुपारी त्याचाच क्लच कंट्रोल सगळ्यात वाईट निघाला.

आता मुद्द्याचं. कमरेएवढ्या भिंतीपर्यंत जे शिकवतात ते डबल ब्लिप. भिंत साधारण अर्ध्या गाडीएवढ्या अंतरावर असताना क्लच आणि थ्रॉटलचा एक छोटा झटका द्यायचा, पुढचं चाक उचलतं आणि भिंतीच्या कडेच्या जरासं खाली जाऊन आपटतं. हो, मुद्दाम आपटायचं. तेवढ्यात क्लच परत आत घेतलेला असतो आणि रेस चढलेली असते. चाक आपटल्यावर पुढचे शॉकअप दबतात, तुमच्या वजनाने मागचं सस्पेन्शन पण दबलेलं असतं, आणि ते सगळं परत उसळायला लागतं त्या क्षणी क्लच फटकन सोडायचा. फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनातल्या जड फिरत्या चाकात, साठलेला जोर मागच्या चाकात उतरतो आणि चाक भिंत पकडून वर निघतं. लवकर सोडला तर चाक जमिनीवरच गरगर फिरतं, उशिरा सोडला तर उसळी संपलेली असते आणि गाडी भिंतीला टेकून नुसती उभी राहते, जाम बावळट दिसतं ते.

आणि पुढची गोष्ट कोणीच सुरुवातीला ऐकत नाही. मागचं चाक वर निघालं की रेस बंद करायची. सगळे उलट करतात, भीतीने मूठ आवळली जाते आणि आवळलेली मूठ म्हणजे पिळलेला थ्रॉटल, मग गाडी मागे उलटते. चाक भिंतीवर असताना तुम्ही गाडीवर भार टाकायचाच नाही, गुडघे पोटाकडे ओढून घ्यायचे, हँडल पुढे ढकलायचं, गाडीला खालून वर यायला मोकळी जागा करून द्यायची. लहान पोर पेरूच्या झाडावर चढताना आधी छाती फांदीवर टाकतं आणि मग पाय वर ओढून घेतं ना, अगदी तसं. ताकद लागतच नाही असं नाही, पण आमच्या बॅचमध्ये सगळ्यात आधी ज्या बाईंना जमलं त्या सव्वाशे सीसीच्या गाडीवर होत्या आणि तीनशेवाले आम्ही खाली उभे राहून बघत होतो.

छातीएवढ्या भिंतीला डबल ब्लिप पुरत नाही, तिथे स्प्लॅटर. यात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, आणि एकाच मोठ्या झटक्यात पुढचं चाक थेट कडेच्या वर न्यायचं, मागचं चाक जमीन सोडून भिंतीच्या मधोमध जाऊन धडकतं, टायर चपटा होतो, सस्पेन्शन दबतं आणि तिथून परत उसळून वर. कागदावर मस्त वाटतं. प्रत्यक्षात समोर उभी भिंत दिसत असताना डोकं सांगतं ब्रेक दाब आणि तुम्ही मात्र क्लच सोडायचा असतो, फाटते म्हणजे फाटतेच.

म्हणूनच या क्लासचे पैसे वसूल होतात ते मायंडरमुळे. एक माणूस भिंतीवर उभा असतो, गाडी मागे जायला लागली की हँडल नाहीतर पुढचा शॉकअप पकडतो, दुसरा खाली बाजूला, तुम्हाला सांभाळायला. यूट्यूबवर बघून टेक्निक कळेल, गाडी पण सेकंडहँड मिळून जाईल, पण गाडी उलटताना ती नेमकी कुठे धरायची हे कळणारा माणूस मित्रांमध्ये सापडणार नाही. तो वर उभा आहे म्हटल्यावर तुम्ही क्लच पूर्ण सोडायची हिंमत करता, आणि अर्धवट सोडलेल्या क्लचनेच तर माणसं पडतात. एकट्याने ही प्रॅक्टिस प्लीज करू नका.

आता तक्रार. मायंडर दोनच, आणि त्यातला एक अर्धा वेळ लहान मुलांच्या बॅचकडे पळतो, त्यामुळे उंच भिंतीचा नंबर लागेपर्यंत दुपारचे तीन वाजून जातात. तोवर हात भरून आलेले, पाय थरथरतायत, आणि ज्या गोष्टीला सगळ्यात ताजं अंग पाहिजे ती सगळ्यात शेवटी. भिंतीची बॅच वेगळी काढा, माणसं कमी घ्या, हवं तर पैसे जास्त घ्या, असं त्यांना सांगून झालंय, हो हो म्हणतात. भाड्याचे बूट पण ओले असतात, कायम.

फी बाईक, पेट्रोल, हेल्मेट धरून दिवसाची दीडशे पौंडांच्या आसपास. एका दिवसात गुडघ्याच्या थोडी वरची भिंत बहुतेकांना जमते. छातीएवढी जमायला महिने जातात, मी मागच्या ऑटममध्ये सुरू केलं आणि आत्ता कुठे ती बऱ्यापैकी खात्रीने चढतेय, त्यातही थंडी असेल तर नाहीच.

चहाच्या वेळी काकांना जुन्या गोष्टी विचारा, मजा येते. हा भाग या खेळाचं माहेरच म्हणायला हरकत नाही. शिपलीला मोटरसायकलचा कारखाना असलेल्या अल्फ्रेड स्कॉट यांनी 1914 साली आपल्याच कामगारांना यॉर्कशायर डेल्स या डोंगराळ भागातल्या दगडधोंड्यांतून गाड्या घेऊन या म्हणून आव्हान दिलं, त्यातून निघालेली स्कॉट ट्रायल आजही होते. आता मात्र राज्य स्पेनमधल्या कॅटलोनियाचं, तिथला टोनी बोऊ 2007 ते 2025 इनडोअर आणि आउटडोअर दोन्हीकडे दरवर्षी वर्ल्ड चॅम्पियन झालाय. तो ज्या भिंती चढतो त्या बघून यायच्या आदल्या रात्री झोप उडवून घेऊ नका. मार्कांची पद्धत क्लासमध्ये पण तीच, एकदा पाय टेकला एक मार्क, दोनदा दोन, तीन किंवा जास्त वेळा तीन, आणि चढताच आलं नाही तर पाच. ज्याचे मार्क कमी तो पुढे.

पुण्यातले मित्र विचारतात एक्सपल्सवर करता येईल का. नाही रे बाबांनो. दीडशे किलोच्या वरची गाडी, उंच सीट, गुडघे वर घ्यायला जागाच नाही, आणि उलटली तर ती कोण धरणार. त्या गाडीवर जागच्या जागी बॅलन्स आणि एका बोटाने क्लच एवढंच घोटा, ते इथे आल्यावर पहिल्याच सकाळी उपयोगी पडेल. क्लच नसलेली इलेक्ट्रिक ट्रायल्स घेऊ का असंही एकाने विचारलं होतं, बाकी शिकायला छान आहे, पण रेस चढवून मग क्लच सोडायची जी सवय भिंतीला लागते ती तिच्यावर लागत नाही.

बुकिंग करताना शनिवार टाळा, मुलांची बॅच त्याच दिवशी असते. पावसाचा फोरकास्ट बघून कॅन्सल करू नका, इथला दगड खरबरीत आहे, शेवाळ नसलेल्या जागी ओला असूनही धरतो, स्लीपरची भिंत मात्र ओली झाली की काका स्वतःच बंद करतात आणि मग तुम्हाला दगडी पायऱ्यांवर घेऊन जातात. घोट्याच्या वर येणारे स्वतःचे बूट न्या, ग्लोव्हजचे दोन जोड न्या आणि डबा घरून न्या, तिथे चहा आणि बिस्किटाशिवाय काही मिळत नाही.