बर्फ वितळल्यावर: शेवाळाची दलदल की गवताची?

उत्तर स्वीडनमध्ये अबिस्कोजवळ स्टोर्डालेन नावाची पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराची, दलदल आहे. जमिनीतला बर्फ टिकून असलेले तिथले उंचवटे कोरडे. वर बुटकी झुडपं, लायकेन, क्लाउडबेरी. बर्फ वितळला की उंचवटा खचतो. पुढे काय उगवणार, हे बरंचसं पाणी कुठून येतं यावर ठरतं.

पाणी फक्त आभाळातून पडलेलं असेल, तर स्फॅग्नम शेवाळ पसरतं. ते भोवतालचं पाणी स्वतःच आम्लधर्मी करतं. शेजाऱ्यांना हुसकावून वाडा बळकावणारा भाडेकरूच म्हणा ना! कुजणं मंदावतं, पीट साठत जातं.

जमिनीतून झिरपलेलं, खनिजं असलेलं पाणी मिळालं तर गोष्ट वेगळी. आम्लता कमी, पाणी अगदी वरपर्यंत. मग कापूसगवत येतं. त्याच्या देठामुळांत हवेच्या पोकळ्या असतात. गाळात तयार झालेला मिथेन, म्हणजे कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता अडवणारा वायू, त्यांतून थेट वर निसटतो. मिथेन खाणाऱ्या जीवाणूंच्या तो हातीच लागत नाही. शेवाळाच्या थरात त्यांना निदान संधी तरी मिळते.

दिसायला गवताची दलदल जास्त हिरवीगार, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइडही ती भरपूर शोषते. तरी मिथेनचा हिशेब धरला, तर माझं मत शेवाळालाच.