उभ्या राहिलेल्या एमएक्स-५ चं इंजिन घरी दुरुस्त केलं, काही महिने चालवल्यावरचा अनुभव

कित्येक वर्षं कुणाच्या तरी गॅरेजमध्ये उभी असलेली माझदा एमएक्स-५ (छप्पर उघडणारी छोटी दोन सीटची गाडी) घ्यावी का आणि तिचं इंजिन घरी करता येतं का, असं इथे इंग्लंडमधल्या बऱ्याच मराठी मित्रांनी विचारलं, म्हणून एकदाच नीट लिहितो. माझी १९९३ ची, पहिल्या पिढीतली, उघडझाप होणाऱ्या हेडलाइटवाली, १.६ इंजिन, ११५ एचपी. आता काही महिने झाले चालवतोय, थंडीत, पावसात, डोंगरात, आणि मन भरून सांगतो की गाडी सुंदर चालतेय.

माझं मत आधीच सांगतो. उभ्या गाडीत लोखंड सहसा टिकतं, मरतं ते रबर आणि आत जे जे भरलेलं असतं ते, म्हणजे पेट्रोल, ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल. त्यामुळे इंजिन खोलायची घाई नको, आधी सगळी तेलं आणि सगळी रबरं.

बॅटरी लावून लगेच सेल्फ मारायचा मोह होतो, तो टाळाच. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढलं, त्याला वार्निशसारखा वास येत होता, तेच इंजेक्टरमध्ये गेलं असतं तर काम दुप्पट झालं असतं. पेट्रोल फिल्टर मागच्या उजव्या चाकाजवळ गाडीखाली असतो, आधी लाइनमधलं प्रेशर उतरवायचं आणि मगच पाइप काढायचा, आसपास बल्ब किंवा ठिणगी काही नको. मग चारही प्लग काढून सिलेंडरमध्ये थोडं थोडं इंजिन ऑइल सोडलं, रात्रभर मुरू दिलं आणि दुसऱ्या दिवशी क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) बोल्टला २१ ची गोटी लावून हाताने फिरवलं, घड्याळाच्या दिशेनेच. इंजिन मोकळं फिरलं तेव्हा जो आनंद झाला तो शब्दात सांगता येत नाही. त्यानंतर नवं ऑइल, नवा फिल्टर (हा फिल्टर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली असा काही दडवलाय की हात घालताना कोपर सोलतं), आणि प्लग बाहेरच ठेवून, पेट्रोल पंप आणि प्लगची ठिणगी (इग्निशन) बंद करून सेल्फ मारला, ऑइल प्रेशरचा काटा वर येईपर्यंत. सुरुवातीच्या वर्षांच्या गाड्यांत हा काटा खरं प्रेशर दाखवतो, नंतरच्यांत तो नुसता असल्यासारखा आहे, त्यामुळे या कामाला जुनी गाडीच चांगली.

चालू केल्यावर वरून टिकटिक टिकटिक आवाज येतो, घाबरायचं काही नाही. या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे, ऑइलच्या दाबावर चालणारे छोटे भाग, गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की त्यांच्यातलं ऑइल उतरतं. चांगलं ऑइल आणि नीट गरम करून केलेल्या काही फेऱ्या, एवढ्यावर माझा आवाज गेला, आता फक्त कडक थंडीच्या सकाळी थोडा वेळ येतो.

टायमिंग बेल्टवर, म्हणजे क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारे कॅम फिरवणाऱ्या रबरी पट्ट्यावर, मात्र एक पैसा वाचवू नका. मीटर किती दाखवतो ते बघायचंच नाही, रबराला वय असतं. ठरलेली मुदत ६०,००० मैलांची आहे, पण उभ्या गाडीत बेल्ट वयानेच जातो. या १.६ चं एक मोठं सुख म्हणजे बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, म्हणून घरी शिकायला याच्यासारखं इंजिन नाही असं मी ठामपणे म्हणतो. इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलंय, रेडिएटर काढला की समोर उभं राहून काम करता येतं. कॅमच्या दोन पुलींवर आय आणि ई अशा खुणा आहेत, त्या दोघींच्या मध्ये बेल्टचे १९ दात यायला पाहिजेत, मोजा, परत मोजा, मग टेन्शनर सोडा, हाताने फिरवा आणि पुन्हा मोजा. वॉटर पंप बाहेरच्या बेल्टवर चालतो पण तो काढायला टायमिंगची कव्हरं काढावीच लागतात, म्हणून पंप, सील, बेअरिंग सगळं एकाच वेळी. क्रँकचा बोल्ट साधारण १६० न्यूटन मीटरला घट्ट होतो आणि व्हॉल्व्ह कव्हरचे छोटे बोल्ट जेमतेम ५ ते ९ ला, ॲल्युमिनियमचे आटे गेले की पंचाईत, म्हणून चांगला टॉर्क रेंच हा या सगळ्यातला सगळ्यात योग्य खर्च. घेण्याआधी एक बघा, १९९० च्या आणि १९९१ मधल्या काही गाड्यांत क्रँकचं नाक (पुली बसते ते पुढचं टोक) आखूड आहे, तिथे पुली सैल होऊन क्रँक खराब होण्याची भीती असते, त्यानंतरच्या घ्या.

इंजिनाच्या वरच्या भागाच्या (सिलेंडर हेडच्या) मागे, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) चिकटून कॅम अँगल सेन्सर आहे, तो कॅमची स्थिती बघून ठिणगी कधी पडायची ते कळवतो. त्याची ओ-रिंग वयाने कडक होते, ऑइल झिरपून खालच्या हीटरच्या होज पाइपांवर पडतं, ते फुगतात आणि एक दिवस सगळं कूलंट रस्त्यावर. काढण्याआधी सेन्सरची जागा खुणेने आखून घ्या, बसवल्यावर डायग्नोस्टिक डब्यातल्या टीईएन आणि जीएनडी अशा खुणांच्या दोन पिना वायरने जोडा आणि स्ट्रोब लाइटने १० अंशांवर ठिणगीचं टायमिंग लावा. आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, मिनिटाला ८५० फेऱ्यांच्या आसपास. वर-खाली होत असेल तर आधी कुठे हवा ओढतेय का ते बघा, आयडल व्हॉल्व्ह साफ करा, पार्ट बदलायच्या मागे लागू नका.

एमओटीला (इथल्या गाडीच्या वार्षिक तपासणीला) जाताना टेस्ट आधी बुक केलेली असेल तर एमओटी नसतानाही गाडी तिथपर्यंत चालवता येते, इन्शुरन्स मात्र हवाच. धुराची तपासणी पास झाली, लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचं प्रमाण दाखवणारा आकडा) हवा तसा ०.९७ ते १.०३ मध्येच आला.

आणि आता रोजचं. तापमानाचा काटा मॅकल्सफील्ड ते बक्स्टनच्या ए५३७ वरसुद्धा हलला नाही, तोच रस्ता ज्याला लोक कॅट अँड फिडल म्हणतात, चढ आणि वळणं, छप्पर उघडं, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन असं गातं की गाडी ९५० किलोच्या आसपासची आहे हे अंगाला कळतं. ऑइल कमी होत नाही, पार्किंगच्या जागी डाग नाही. पेट्रोल मी ई५ सुपरच (कमी इथेनॉलवालं) टाकतो, गाडी कधी कधी आठवडाभर उभी असते आणि इथेनॉल पाणी ओढतं. दर आठवड्याला निदान अर्धा तास तरी ती पूर्ण गरम होऊ देतो, नुसतं दारात पाच मिनिटं चालू करून बंद करणं इंजिनाला वाईटच.

ज्यांना घ्यायचीय त्यांनी इंजिनाआधी मागच्या चाकांपुढचे सिल (दाराखालचा पत्र्याचा भाग) बघा, छपराच्या पाण्याच्या नळ्या तुंबल्या की तिथे आतून गंज लागतो आणि ते वेल्डिंगचं काम घरचं नाही. माझे सिल चांगले निघाले. क्लचचा स्लेव्ह सिलेंडर (तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलेंडर) हल्ली थोडा ओला दिसतोय, या गाड्यांत ते नेहमीचंच, सील किट मागवलंय, पुढच्या सुट्टीत बसवतो.