शरदातील सामूहिक सफर: चिखलदरा की लोणार?

कोजागरीनंतर आमच्या दर्यापूरच्या कार क्लबने कुठे जावे, याचा विचार करताना चिखलदरा आणि लोणार ही दोनच ठिकाणे मला मनापासून पटतात. चिखलदऱ्याला जाताना परतवाडा मागे टाकला की घाट सुरू होतो आणि सुमारे १,१०० मीटर उंचीपर्यंत चढताना दहा-बारा गाड्यांचा ताफा एकत्र ठेवणे हीच खरी कसोटी ठरते. पुढची गाडी वळणाआड जाते, मोबाइलची रेंज तुटते आणि उतारावर सतत ब्रेक दाबणाऱ्याच्या चाकांतून जळका वास येऊ लागतो. म्हणून सर्वांत अनुभवी चालक पुढे नव्हे, शेवटी असावा आणि उतरताना प्रत्येकाने गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवावी. गाविलगडाच्या तटावरून दिसणारे धुके मात्र हे सारे कष्ट विसरायला लावते.

लोणारचा रस्ता बराचसा सपाट, त्यामुळे नवख्यांना सोपा. पण याच दिवसांत सोयाबीनची सोंगणी चालू असते, अर्ध्या डांबरावर शेंगा वाळत पडलेल्या असतात आणि कडेला दगड मांडलेले असतात, ते संध्याकाळी चटकन दिसत नाहीत. बेसाल्ट खडकातले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते उल्काविवर मुलांना दाखवावेच. यंदा नवे सदस्य अधिक आहेत, म्हणून माझे मत लोणारला. निघावे पहाटे पाचला, परतावे उजेडी.